समोरच्याची बारी

३ नोव्हेंबर, सोमवार

आज जेवणाच्या सुट्टीत मी खोटं बोलले. क्षुल्लक आहे, पण दिवसभर टोचत राहिलं म्हणून लिहून ठेवते.

आमच्या लॅबमध्ये दर सोमवारी एक खेळ चालतो. डबे उघडायचे आणि प्रत्येकीने आपण त्या आठवड्यात सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं फोनवर लावायचं. बाकीच्यांनी दहापैकी गुण द्यायचे. मी कालच शोधून ठेवलेलं, सध्या रिक्षापासून मॉलपर्यंत सगळीकडे वाजणारं एक गाणं लावलं. सात गुण मिळाले. ते गाणं मी जन्मात दोनदा ऐकलंय.

मग बेव्हर्लीची पाळी. तिने तिच्या काकाचा बँड लावला. वझिऱ्यातल्या कुठल्याशा लग्नात उंबराचं पाणी, म्हणजे विधीसाठी विहिरीचं पाणी, आणायला निघाल्यावर वाजवलेला, कोणीतरी चालता चालता फोनवर घेतलेला. मध्ये कुत्रा भुंकतो, एक बाई ओरडते, "अरे टोपी पडली त्याची!" चार गुण पडले.

"चार तर चार," बेव्हर्ली म्हणाली, "मी तर रोज हेच ऐकते यार." मग माझ्याकडे वळली. "तुझ्या त्या सातवाल्या गाण्याची दुसरी ओळ म्हण ना."

मला येत नव्हती. सगळ्या हसल्या.

चार वाजता रिपोर्ट तपासत होते तर ती खुर्ची ओढून शेजारी बसली. "आता खरं सांग. घरी काय ऐकतेस?"

"भजन."

"देवळातलं?"

"नाही गं. डबलबारी." मग तिला समजावलं. दोन बुवा समोरासमोर बसतात, दोघांची पेटी, पखवाज, झांज, कोरस. आधी एकाची बारी, मग दुसऱ्याची. भजनातूनच प्रश्न टाकायचे, टोमणे मारायचे, उत्तरं द्यायची, आणि शेवटी गजर. ज्याचा गजर चढला त्याची बारी.

"म्हणजे रॅपवाल्यांची भांडणं असतात तसं, पण पेटी घेऊन?"

"तसंच."

"झकास आहे की. मग लाज कसली?"

मी पुढचा रिपोर्ट ओढला.

५ नोव्हेंबर

बेव्हर्लीने डिवचलं म्हणून असेल, काल एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेले. नाव 'आयकणारे'. जुन्या बाऱ्यांच्या कॅसेट ज्यांच्या घरात उरल्यात अशी दीडशे माणसं. मुलुंडचा सौरभ म्हणून कोणी मुलगा तो चालवतो. त्याचे नियम कडक आहेत. तारीख, ठिकाण, बुवांची नावं आणि निकाल लिहिल्याशिवाय काही टाकायचं नाही. पूर्ण ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही. नुसता अंगठा दाखवायचा नाही. मला हे नियम फार आवडले. दीडशे माणसं एकाच गोष्टीवर इतकं बारीक भांडतात, आणि मी समजत होते की बोरीवलीत हे ऐकणारी मी एकटीच तरुण मुलगी.

९ नोव्हेंबर, रविवार

आज बाबांच्या कॅसेट कपाटावरून काढल्या. एक्केचाळीस आहेत. एकेक करून लॅपटॉपवर घ्यायच्या असं ठरवलंय.

मी वाचायला यांच्यावर शिकले. बालवाडीत जायच्या आधीच. बाबा छापखान्यात बायंडिंगला आहेत, त्यांचं अक्षर छापल्यासारखं. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर बुवांचं नाव, गाव, तारीख. 'वायंगणकर बुवा' हे मी लिहिलेले पहिले दोन शब्द. माझ्या नावाच्याही आधी. शाळेत बाईंनी 'व' कशातला विचारलं तर बाकीची मुलं वजनातला, वडाचा म्हणाली, मी म्हटलं वायंगणकरांचा.

बाबा वायंगणकर बुवांच्या बारीत, म्हणजे त्यांच्या भजनाच्या चमूत, झांज वाजवायचे. बुवा २००३ साली गेले आणि बारी मोडली. त्यानंतर रविवारी दुपारी जेवणं झाली की बाबा मला समोर बसवून कॅसेट लावायचे. माझे दोन्ही गुडघे म्हणजे त्यांची झांज. ते म्हणायचे, "बुवाक सगळेच आयकतत. तू कोरस आयक. कोरस खय श्वास घेता ता बघ." मी श्वास मोजायचे. आई आतून ओरडायची, "पोरीला पाढे शिकवा आधी!" बाबा म्हणायचे, "पाढेच चाललेत."

एक गोष्ट मात्र मला मोठी होईपर्यंत विचित्र वाटली नाही. आमच्या एकाही कॅसेटवर समोरचा बुवा नाही. टेप करायचं काम माझ्या काकाचं. आपल्या बुवांची बारी संपली की तो टेप थांबवायचा आणि पुढची बारी सुरू झाली की परत चालू करायचा. सगळेच तसं करत. समोरच्याची बारी टेप करणं म्हणजे शत्रूची आरती ओवाळणं, असं काका म्हणायचा.

त्यामुळे वायंगणकरांसमोर बसणाऱ्या तळाशीलकर बुवांचा आवाज मी कधीच ऐकलेला नाही. त्यांचं नाव मात्र आमच्या घरात रोजचं. २६ जानेवारी १९९४ ला मुलुंडच्या पूजेत आपल्या बुवांनी असा गजर चढवला की तळाशीलकर उत्तरच देऊ शकले नाहीत, गप्प बसले. तेव्हापासून आमच्याकडे कोणाला उत्तर सुचलं नाही की 'याचा तळाशीलकर झाला' असं म्हणतात. दहावीच्या तोंडी परीक्षेत माझा तळाशीलकर झाला होता.

१२ नोव्हेंबर

ती मुलुंडची कॅसेट लॅपटॉपवर घेतली. गजर ऐन रंगात आल्यावर झांज एकदम बंद होते. चारपाच आवर्तनं नुसता पखवाज, आणि मग खट. बाबा नेहमी सांगतात की तिथे टेप संपली. पण आज बघितलं तर पुढे दहा मिनिटांची टेप कोरी आहे. बाबांना विचारलं.

"सेल उतरले असतील."

"मग आवाज आधी चिरका व्हायला हवा होता ना? सेल उतरताना टेप केलं की होतो तसा?"

"तू लॅबमध्ये काम करतंस, हय लॅब उघडू नको."

ग्रुपवर टाकू का म्हटलं तर म्हणाले, "कित्याक? आपल्याक असू दे." मला वाटलं, त्यांना फोनवरचं काही कळत नाही म्हणून संकोच. मी म्हटलं, "बाबा, तुमची झांज दीडशे माणसं ऐकतील." ते काही बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

टाकली. निकालाच्या रकान्यात लिहिलं: वायंगणकर बुवा विजयी, तळाशीलकर बुवा निरुत्तर.

१४ नोव्हेंबर

बेचाळीस मतं आली! एकाने लिहिलं, झांज म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या गारा. बाबांना वाचून दाखवलं, ते खूश झाले, तरी "आडनाव घालू नको हां" म्हणाले.

संध्याकाळी एक आवाजी निरोप आला. घाटकोपरच्या प्रेमा हडकर. आवाजावरून साठीच्या पुढच्या. जसाच्या तसा लिहिते:

"निरुत्तर? कोण गो तू? अर्धी टेप आयकान निकाल लावतंस? दुसरी अर्धी माझ्याकडे हा. माझ्या घराक ये आणि आयक. आणि रिकामी येव नको, तुझी टेप घेवन ये."

सगळ्या ग्रुपसमोर. कान गरम झाले माझे.

१५ नोव्हेंबर

त्यांचं चूक नाही. लॅबमध्ये अर्धा नमुना आला तर मी रिपोर्टवर सही करते का? नाही करत. मग इथे कशी केली? बाबांनी सांगितलं म्हणून.

बाबांना विचारलं, "त्या दिवशी तळाशीलकरांची शेवटची बारी तुम्ही ऐकलीत ना? ते गप्प बसले तेव्हा तुम्ही समोर होतात?"

"तेव्हा लोक किती होते म्हायत हा तुका? पाचशे!" म्हणाले, आणि तुळशीला पाणी घालायला गेले. सकाळी घातलं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

हे सगळं नीट क्रमाने लिहायला हवं. घरी, घाटकोपरला बाऱ्या ऐकायला जाते, एवढंच सांगितलं होतं.

घाटकोपरला भटवाडीत प्रेमाकाकींचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडताच म्हणाल्या, "चप्पल भायर काढ. वायंगणकराची धूळ भायर." मग हसल्या. पुढचा एक दात नाही. त्यांचे यजमान तळाशीलकर बुवांचे पखवाजवाले, दहा वर्षांपूर्वी गेले. बुवाही सहा वर्षांमागे गेले. टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत बसायचं काम काकींचं. "माझो घोव वाजवी, मी बटनां दाबी," म्हणाल्या.

खाजा आणि चहा दिला आणि नियम सांगितला. "एक तुकडो तुझ्या बुवाचो, मगे एक माझ्या बुवाचो. त्या दिवशी झालो तसो. मधी बोलूचा नाय."

पहिला तुकडा माझ्या फोनवरून, दुसरा त्यांच्या टेपवरून. दुसरा सुरू झाला आणि मी टेपकडे सरकले. तळाशीलकरांचा आवाज! मी मनात काहीतरी चिरका, उद्धट आवाज धरला होता. तो भरदार आणि सावकाश होता, होडी वाळूवर ओढतात तसा. ते दर्याकाठचे, आमचे बुवा भातशेतीवाले. वायंगणकरांना म्हणतात, "चिखलात भात लावणारो बुवा आज दर्यात इलो. पवाक येता काय रे?"

आणि मग माझ्या फोनवर आमचे बुवा: "पवाक येता! पण आम्ही भात लावला नाय, तर तू मासो कशावांगडा खातलंस?"

हे पोहण्याचं आणि भाताबरोबर मासा खाण्याचं वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे. त्यावर लोक हसतात तेही पाठ आहे. पण ते कशाला हसतात हे मला आज कळलं. वीस वर्षं मी नुसती उत्तरं ऐकत होते. काकींचंही तसंच. त्यांना प्रश्न माहीत होता, उत्तर माहीत नव्हतं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "बरा दिल्यान गो! मेलो गाता पण बरो!" आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतकं हसलो की शेजारीण डोकावून गेली.

दोन तास असंच चाललं. अभंग, गवळण. काकी म्हणाल्या, आमचा बुवा अभंगात वरचढ. मी म्हटलं, गवळणीत आमचा. त्यावर त्या "गवळणीत दोघांक पण पाच पाच" म्हणाल्या आणि मला लॅबमधला खेळ आठवला.

मग आमच्या बुवांचा तो गजर. झांज बंद होते, खट. काकींनी त्यांचा शेवटचा तुकडा लावला.

पेटीचा सूर येतो. पखवाजावर दोन थापा. आणि बुवा बोलतात. काकींना विचारून त्यांची बाजू फोनवर घेतली होती, ती तीनदा ऐकून उतरवलीय:

"थांब रे, पखवाज थांबव. मंडळी, समोरच्या बारीतलो झांजवालो झील आत्ता उठान गेलो. तेचो बापूस गेलो. निरोप घेवन इलेलो माणूस चुकान आमच्याकडे इलो म्हणान माका आधी कळला. ज्याच्या घरात मडा हा, तेच्या बारीवर मी गजर चढवचंय नाय. बारी तेंची. आणि एक गजाल. हय बोललंय ता हयच ठेवा. त्या झिलाक सांगा, तुझो बुवा जिंकलो. घराक जाताना तेवढा तरी तेका नेव दे."

मग खट.

"मीच बटन दाबलंय," काकी म्हणाल्या. "पाचशे माणसां होती. कोणी उलट शब्द काढूक नाय. मगे एकतीस वर्षां आयकतंय. लग्नात, पूजेत, बाजारात. तळाशीलकर गप झालो, तळाशीलकर गप झालो. माझो घोव दात खाय. बुवा म्हणी, जीभ सांभाळ. आता बुवा नाय, घोव नाय. मी एकटी किती सांभाळू? त्यात तू लिवलंस."

मी म्हटलं, "काकी, झांज माझे बाबा वाजवत होते."

त्यांच्या हातातला खाजा बशीत पडला.

"तू त्या झिलाची चेडू?"

त्या मुलाची मुलगी, हे त्यांना कसं कळणार? ग्रुपवर मी नुसती श्रुतिका आहे. त्यांना वाटलं होतं, वायंगणकरांच्या बाजूची कोणी पोर असेल. त्या कपाळाला हात लावून बसल्या. "एकतीस वर्षां पोटात ठेवलंय आणि बाहेर काढलंय कोणाकडे, तर तुझ्याकडे."

मग मी त्यांना आमच्या घरातला तो वाक्प्रचारही सांगितला. सांगायला नको होता, पण लपवणं जमेना. त्यांनी बशी बाजूला सारली.

"तुझ्या बापाशीक सांगू नको," म्हणाल्या. "पण ता निरुत्तर काढून टाक."

"कारण काय लिहू?"

"ता तू बघ. शिकलेली ना तू?"

२४ नोव्हेंबर

आजोबा पौषातल्या चतुर्दशीला गेले हे मला माहीत आहे. दर वर्षी त्या तिथीला पान वाढतो. आज कॅलेंडर काढून बघितलं. १९९४ साली ती तिथी २६ जानेवारीला होती. तिथीमुळे दर वर्षी तारीख बदलते, म्हणून मी दोन्ही गोष्टी कधी शेजारी ठेवल्याच नाहीत. बाबांना मात्र दोन्ही ठाऊक होत्या.

बाबांच्या आयुष्यात फार विजय नाहीत. छापखान्यात तीस वर्षं आणि पगारवाढीच्या वेळी दर वेळी मागे. ही एक बारी आहे. ती काढून घेणारी मी कोण? आणि न सांगता रोज त्यांच्यासमोर जेवायला बसणारी तरी मी कोण?

२५ नोव्हेंबर

निकालाच्या रकान्यात बदल केला: निकाल तपासत आहे.

सौरभने लगेच लिहिलं, "एकतीस वर्षांनी? तिसऱ्या पंचाकडे पाठवलास काय गं?" त्यावर सत्तावीस जण हसले. जेवताना बाबांनी विचारलं, "ग्रुपवाले काय म्हणतत?" मी म्हटलं, काही नाही. हे दुसरं खोटं.

२८ नोव्हेंबर

लॅबमध्ये एका रिपोर्टवर चुकीचा आकडा जाता जाता राहिला. बेव्हर्लीने पकडला. "काय झालंय तुला?" म्हणाली. नावं न घेता सांगितलं. तिने डबा बंद केला आणि म्हणाली, "तू तुझ्या पप्पांना काय लहान मूल समजतेस? माझी आई सगळं ओळखते आणि आम्ही सांगायची वाट बघत बसते. आम्हालाच वाटतं आम्ही लपवतोय."

बाबांचं तसं नाही, असं मी म्हटलं. त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

जेवणं झाल्यावर बाबा समोर येऊन बसले. लहानपणी बसायचे तसे.

"घाटकोपराक काय आयकलंस?"

"पूर्ण बारी. दोन्ही बाजू जोडून घेतलीय."

"लाव."

"बाबा, शेवटी..."

"लाव म्हटलंय."

दोन तास ते हलले नाहीत. तळाशीलकरांचा अभंग सुरू झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. "कोरस बघ," पुटपुटले. "श्वास चोरूक नाय एकान पण." भाताच्या आणि माशाच्या टोमण्यावर मोठ्याने हसले. तो प्रश्न त्यांनी त्या दिवशी ऐकला होता, एकतीस वर्षांनी परत ऐकत होते. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

शेवटचा तुकडा आला. मी थांबवायला हात पुढे केला तर बाबांनी माझं मनगट धरलं. बुवांचं बोलणं संपेपर्यंत सोडलं नाही.

मग खट. लॅपटॉपचा पंखा तेवढा वाजत होता.

"मी गेटार होतंय," बाबा म्हणाले. "तुझो काका रिक्षा थांबवी होतो. मागे पेटी वाजली, पखवाजार दोन थापी पडली. आता गजर येतलो म्हणान मी कान दिलंय. तसल्या टायमाक पण कान दिलंय बघ. गजर येवक नाय. नुसतो बोलण्याचो आवाज. मगे सगळा शांत. दुसऱ्या दिवशी मसणातसून इल्यावर आपले सगळे म्हणाक लागले, जिंकलो, जिंकलो. पण माझ्या तोंडाकडे कोण बघी नाय. मी इचारूक नाय."

"तेव्हा कसं विचारणार होतात बाबा? आजोबा..."

"तेव्हा नाय गो. मगे एकतीस वर्षां होती ना."

 आईने पाणी आणून दिलं. बाबांनी ते प्यायलं नाही, पेला हातात धरून बसले. मग सांगितलं की नव्व्याण्णव साली कांजूरमार्गला आमच्या बारीला तळाशीलकर बुवा पहिल्या रांगेत येऊन बसले होते. बारी संपल्यावर स्टेजजवळ आले. बाबांनी मान फिरवली आणि झांजा पिशवीत भरायला घेतल्या. बुवा थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

"तेका वाटला असतला, झिलाक कळला नाय. बरा झाला," बाबा म्हणाले. "आणि मी मान वर करूक नाय, कारण माका कळला होता."

बेव्हर्ली म्हणाली ते बरोबर होतं आणि मी तिला ठामपणे नाही म्हटलं होतं. मला रडू आलं, पण बाबांसमोर आवरलं.

२ डिसेंबर

निकालाच्या रकान्यात काय लिहायचं यावर आम्ही दोघं तासभर बसलो. मला सगळं खरं लिहायचं होतं. काकींना फोन केला. त्या चिडल्या. बाबांना सांगून टाकलं म्हणून आधी मला "फुटक्या तोंडाची" म्हणाल्या आणि मग ठणकावलं, "बुवान सांगल्यानी, हयच ठेवा. मी एकदा मोडलंय, परत मोडूचंय नाय. दीडशे लोकांक तर नायच नाय."

म्हणजे खोटं ठेवायचं नाही आणि खरं सांगायचं नाही. मी सात वेगवेगळी वाक्यं लिहिली. बाबांनी सगळी ऐकली आणि म्हणाले, "लिही: बारी अपुरी राहिली."

हे खरं आहे. सगळं नाही, पण यात खोटं काही नाही. मी दोनदा तपासलं. लिहिलं.

७ डिसेंबर, रविवार

बाबांना घेऊन घाटकोपरला गेले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. दारात काकींनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"ह्यो तो झील? अरे, केस खय गेले तुझे?"

"तुमच्या बुवाच्या गजराक भियान गेले, वैनी."

"गजर तू आयकलंस खय?"

 बाबा वाकून नमस्कार करायला गेले तर काकींनी त्यांचे खांदे धरले. "माका नको. माझो काय संबंध? मी बटन दाबणारी." आणि त्यांनी एक कॅसेट आधीच काढून ठेवली होती ती पुढे केली. "बुवा त्या दिवशी म्हणतलो होतो, तो ह्यो गजर. मगे भांडुपाक म्हटल्यान. आयक."

बाबांनी एकदा ऐकला. परत लावायला सांगितला. दुसऱ्या वेळी त्यांचे हात गुडघ्यांवर हलत होते. काकी उठल्या आणि देव्हाऱ्यातल्या आरतीच्या झांजा आणून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. "नुसतो बसू नको."

वायंगणकरांच्या झांजवाल्याने तळाशीलकरांच्या गजरावर हात उचलायचा! काका असता तर घरातून निघून गेला असता.

मी काकींना विचारून फोनवर घ्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा बाबा पार चुकले. काकींनी टेप थांबवली. "वायंगणकरी हात नको हय. आमचो बुवा कोरस उठवताना लय दाबी. तू पळतंस खय? गाडी सुटता काय तुझी?"

"दाबी म्हणजे किती?"

"आधी आयक मरे!"

बाबांनी मान खाली घालून ऐकलं. मी बघत होते. छप्पन्न वर्षांचा माणूस बालवाडीत बसल्यासारखा बसला होता आणि काकी मांडीवर थापा मारून त्यांना श्वास मोजून दाखवत होत्या. चौथ्या वेळी गजर सबंध झाला. शेवटी झांज चढली तशी शेजारीण आली, तिच्यामागून आणखी दोघी. कोणाची पूजा आहे म्हणून विचारायला लागल्या.

 परत येताना बाबांची बोटं पिशवीवर चालू होती.

९ डिसेंबर

बाबांच्या परवानगीने तो गजर ग्रुपवर टाकला. सौरभच्या नियमाप्रमाणे सगळे रकाने भरले. बुवा: तळाशीलकर. मूळ बारी: भांडुप. झांज: चंद्रप्रकाश कुबल, वायंगणकर बुवांच्या बारीतले; आता घाटकोपरला वाजवलेली. आडनाव घाल असं या वेळी बाबाच म्हणाले. निकालाचा रकाना रिकामा सोडला.

सौरभने लिहिलं, "वायंगणकरांचा माणूस तळाशीलकरांच्या मागे? सूर्य कुठून उगवला आज?" एकाने लिहिलं की हे पाप आहे. एकाने लिहिलं की त्याने चार वेळा ऐकलं. मी सगळी मतं बाबांना वाचून दाखवत होते. ते चहा बशीत ओतून पीत होते.

मग प्रेमाकाकींचा आवाजी निरोप आला. आम्ही दोघांनी फोनवर वाकून ऐकला.

"झांज दोन ठिकाणी मागे पडली. बाकी बरी."

बाबांनी बशी खाली ठेवली. निरोप परत लावायला सांगितला. मग गजर लावायला सांगितला, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला, बोटांवर मोजत.

"लिही तेंका," म्हणाले. "दोन नाय. तीन."